विद्याधन, वार्धक्य आणि कर : नागपूरकडील कुटुंबांच्या द्रव्ययोजनेचा इतिहास

राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हांपासून सनदा, पत्रें, महजर, बखरी व वंशावळी यांचा संग्रह करण्याचें काम महाराष्ट्रांत अखंड चालू आहे. परंतु ज्या बासनांतून हे कागद बाहेर निघतात त्याच बासनांत घरखर्चाच्या वह्या, वाटणीपत्रें, फीच्या व कराच्या पावत्या आणि विम्याचे कागद हेही असतात. संग्राहकाचें लक्ष त्यांकडे सहसा जात नाहीं. सनद पेटींत राहते आणि वही रद्दींत जाते. या उपेक्षित कागदांवरून कोणत्या प्रश्नाचा उलगडा होण्यासारखा आहे, तें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

सामान्य गृहस्थास तीन खर्च चुकत नाहींत : मुलांचें शिक्षण, स्वतःचें म्हातारपण आणि सरकारचा कर. आजचे सल्लागार हे तीन निरनिराळे विषय मानतात व प्रत्येकाची निराळी तरतूद सांगतात. आमचें म्हणणें असें कीं, आपल्याकडे हे तीनही पुष्कळ काळ एकाच प्रश्नाचे भाग होते, आणि तो प्रश्न म्हणजे ‘विद्याधन कोणाचें?’ हा होय. शिकलेल्या मुलाची कमाई घराची असेल, तर त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च हीच आईबापांच्या म्हातारपणाची तरतूद. ती त्याची एकट्याची असेल, तर म्हातारपणासाठीं दुसरी पुंजी पाहिजे. कर कुटुंबाच्या नांवें कीं कमावत्याच्या नांवें, हेंही त्यावरच ठरतें.

(१) शास्त्रकारांचा विचार

गृहस्थानें किती सांठा ठेवावा याचा विचार मनूनें केला आहे. कुसूलधान्य, कुंभीधान्य, तीन दिवसांपुरतें अन्न बाळगणारा आणि उद्यांचीही तरतूद नसणारा, अशा चार पायऱ्या त्यानें सांगितल्या. कुसूल व कुंभी यांत मावणारें धान्य किती दिवसांचें, याविषयीं टीकाकारांत मतभेद आहेत. ब्राह्मणापुरतें पाहतां जो कमी सांठवील तो श्रेष्ठ, असाच तेथें अभिप्राय आहे. भागवताच्या आठव्या स्कंधांत शुक्राचार्य बळीस व्यवहार शिकवितात, तेथें दृष्टि निराळी आहे. धर्म, कीर्ति, पुढील धनवृद्धि, उपभोग आणि स्वजन असे वित्ताचे पांच वांटे करावे, असें ते सांगतात.

या दोन्ही ठिकाणीं शिक्षणासाठीं व म्हातारपणासाठीं स्वतंत्र वांटा नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. गुरुगृहीं राहणारा शिष्य भिक्षेवर व सेवेवर शिके, दक्षिणा शेवटीं. म्हातारपणाविषयीं मनूचा संकेत असा कीं, अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले आणि मुलाचें मूल दृष्टीस पडलें म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी. प्रत्यक्षांत बहुतेक गृहस्थ वनांत गेले नाहींत. ते पुत्राच्या घरींच राहिले, आणि पुत्र हाच त्यांचा निर्वाहनिधि होता.

म्हणूनच पुत्राच्या कमाईची मालकी महत्त्वाची ठरली. मनूच्या मतें विद्येनें मिळविलेलें धन ज्याचें त्याचें. याज्ञवल्क्यानेंही तें वाटणींतून वगळलें. परंतु विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत अशी अट घातली कीं, तें पित्याच्या द्रव्यास धक्का न लावतां मिळविलेलें असलें पाहिजे. कात्यायनानें विद्याधनाची व्याख्याच बांधून दिली : परक्याचें अन्न खाऊन, परक्यापासून शिकलेल्या विद्येचें जें फळ तें विद्याधन. नारदाचा नियम सर्वांत मार्मिक आहे. एक भाऊ विद्या शिकावयास गेला आणि दुसऱ्यानें मागें राहून त्याचें कुटुंब पोसलें, तर तो दुसरा अक्षरशत्रु असला तरी त्यास पहिल्याच्या विद्याधनांत वांटा मिळावा.

कात्यायन व नारद यांचीं वचनें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे त्यांमागील न्याय स्पष्ट होतो : ज्याचें अन्न त्याचा हक्क. महाराष्ट्रांत माधुकरी मागून किंवा वार लावून जेवून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेल्या. त्यांच्या दारिद्र्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. परंतु कात्यायनाच्या व्याख्येनें पाहतां हाच विद्यार्थी आपल्या कमाईचा निर्वेध मालक ठरतो. घरच्या अन्नावर व घरच्या पैशावर शिकलेला सुखवस्तु विद्यार्थी मात्र घराचा ऋणको राहतो. ही बाब आमच्या वाचनांत कोठें ठळकपणें मांडलेली आढळली नाहीं, म्हणून तिचा येथें मुद्दाम निर्देश केला आहे.

(२) काळी आणि पांढरी

आतां नागपूरकडे वळूं. गांवाच्या वस्तीची जागा ती पांढरी आणि कसणुकीची जमीन ती काळी, हा भेद सर्व मराठी मुलखांत परिचित आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत काळीवर सारा होता, आणि शेतीवांचून अन्य धंद्यावर पोट भरणाऱ्या लोकांवर जो कर होता त्यास ‘पांढरी’ हेंच नांव पडलें. पेशव्यांच्या मुलखांतील मोहतर्फ्याचा हा नातलग. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी वारले, १८५४ सालीं राज्य खालसा झालें आणि १८६१ सालीं नागपूर हें नव्या मध्यप्रांताचें मुख्य ठिकाण झालें. तरी पांढरी कर राहिला. इंग्रज सरकारनें १८६७ सालीं त्यासाठीं स्वतंत्र कायदाही केला. सबंध हिंदुस्थानास लागू होणारा प्राप्तीवरील कर १८६० सालीं प्रथम बसला. नागपूरच्या व्यापाऱ्यास व कारागिरास मात्र धंद्याच्या कमाईवर कर देण्याची संवय त्यापूर्वींचीच होती.

म्हातारपणाची व अनाथ कुटुंबाची तरतूद मराठी राज्यांत वतन, इनाम व नेमणूक यांच्या रूपानें होई. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या बायकामुलांस जी बालपरवेशी मिळे तिचे उल्लेख दप्तरांत येतात, आणि आमच्या वाचकांस ते ठाऊक आहेत. हीं सर्व राजाच्या कृपेचीं देणीं होतीं. चाकरानें स्वतः दरमहा कांहीं बाजूस टाकून हक्कानें मिळवावयाची अशी ही रक्कम नव्हती. राज्य गेल्यावर या देण्यांची जागा पेन्शनीनें घेतली. १८७१ च्या पेन्शनीच्या कायद्यानें सरकारी पेन्शन सावकाराच्या जप्तींतून मुक्त केली. वतन गहाण पडूं शके, पेन्शन पडूं शकत नसे. पेन्शनीच्या नोकरीचें वजन लग्नाच्या बाजारांत का वाढलें, याचें एक कारण येथें सांपडतें.

(३) फी, विमा आणि सहावा हिस्सा

१८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेज व १८८५ सालीं मॉरिस कॉलेज निघालें. विद्यापीठ १९२३ सालीं झालें. कॉलेजें निघण्यापूर्वीं नागपूरच्या मुलास वरच्या शिक्षणासाठीं गांव सोडावा लागे, आणि फीहून राहण्याजेवण्याचाच खर्च जड होई. गुरुगृहींची भिक्षा संपली आणि रोख पैशाचें शिक्षण सुरू झालें. हा पैसा बहुधा काळींतून आला. शेताच्या उत्पन्नावर एक भाऊ शिके, दुसरा नांगर धरी. नारदानें कल्पिलेले दोन भाऊ नागपूरच्या भोंवतालच्या गांवांत अशा रीतीनें प्रत्यक्ष उभे राहिले.

याच सुमारास १८८६ चा प्राप्तीवरील कराचा कायदा झाला. आमच्या विषयास त्यांतील चार गोष्टी लागू पडतात. पहिली, वार्षिक पांचशें रुपयांहून कमी उत्पन्नावर कर नव्हता. दुसरी, शेतीचें उत्पन्न करांतून सुटलें. तिसरी, ‘व्यक्ति’ या शब्दांत अविभक्त हिंदु कुटुंबाचा समावेश केला गेला. चौथी, स्वतःच्या किंवा पत्नीच्या आयुष्याचा विमा उतरण्यासाठीं, तसेंच सरकारच्या परवानगीनें पगारांतून वार्धक्यवेतनासाठीं किंवा बायकामुलांच्या तरतुदीसाठीं कापलेली रक्कम, उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत, करमुक्त झाली.

आंकडे मांडून पाहिले म्हणजे या तरतुदीचा अर्थ कळतो. महिना चाळीस रुपये पगाराच्या शिक्षकाचें वार्षिक उत्पन्न ४८० रुपये, म्हणजे तो कराबाहेर. महिना शंभर रुपयांचा कारकून वर्षास १,२०० रुपये मिळवी. दोन हजारांपर्यंतच्या पगारावर रुपयास चार पै असा दर होता, म्हणून त्यास वर्षास २५ रुपये कर पडे. त्यानें सहावा हिस्सा, म्हणजे २०० रुपये, विम्यांत घातले तर करांत ४ रुपये २ आणे ८ पै वांचत. बचत लहान, परंतु तत्त्व मोठें होतें : म्हातारपणासाठीं व विधवेसाठीं बाजूस टाकलेला पैसा खर्चावयाच्या पैशाहून निराळा आहे, असें सरकारनें मान्य केलें. मुलांच्या फीविषयीं मात्र कायदा मुका राहिला. शिक्षण हा घरचा खर्च, इतकेंच त्याचें मत.

विम्यास सवलत मिळाली त्या वेळीं विमा उतरण्याचीं साधनेंही नुकतींच उपलब्ध झालीं होतीं. मुंबईची ओरिएंटल कंपनी १८७४ ची, पोस्टांतील बचत बँक १८८२ ची, पोस्टाच्या नोकरांसाठीं निघालेला टपाल विमा १८८४ चा. नागपूरच्या एम्प्रेस गिरणींत कामगारांसाठीं पेन्शन फंड निघाला तो १८८६ सालींच, आणि अपघाताची भरपाई देण्याची पद्धत १८९५ पासून. त्याच टाटांनीं १८९२ सालीं उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जाणाऱ्यांकरितां निधि स्थापिला. त्यांतून मिळणारी मदत कर्जाऊ होती, शिकलेल्यानें कमावूं लागल्यावर ती परत करावी. या निधीनें विद्याधनाच्या प्रश्नास एक नवें उत्तर दिलें. शिकणाऱ्याचा धनको येथें भाऊ नव्हता, संस्था होती. तिचा हक्क कर्जाच्या रकमेपुरताच, पुढील सर्व कमाईवर नव्हे.

(४) न्यायालयांतील वाद व १९३० चा कायदा

घरोघरीं मात्र जुना प्रश्न पेटला होता. वकील, मुनसफ, डॉक्टर झालेला भाऊ वाटणीच्या वेळीं म्हणे, ‘माझी कमाई माझी’; शेतावरचा भाऊ म्हणे, ‘तुझी फी कोणी भरली?’ न्यायालयांनीं सामान्य शिक्षण व विशेष शिक्षण असा भेद काढला. लिहिणें-वाचणें घराच्या पैशानें शिकला तर कमाई त्याची. परंतु विशिष्ट धंद्याचें शिक्षण घराच्या पैशानें झालें तर कमाई सर्वांची. ही रेघ कोठें ओढावी हें कोणासच नक्की सांगतां येईना. मद्रासेंत भाष्यम् अय्यंगार यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्यानें हा वाद मिटविण्याचा यत्न केला, पण तो अमलांत आला नाहीं.

१९२१ सालीं प्रीव्ही कौन्सिलनें पंजाबांतील गोकुळचंद विरुद्ध हुकुमचंद या खटल्यांत निकाल दिला. घरच्या पैशानें शिकून सनदी नोकरींत गेलेल्या माणसाची कमाई अविभक्त कुटुंबाची ठरली. या निकालानें सुशिक्षित वर्गांत मोठी खळबळ झाली. अखेर मुकुंदराव जयकर यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत बिल आणलें, आणि २५ जुलै १९३० रोजीं हिंदूंच्या विद्यार्जित धनाचा कायदा झाला. घराच्या पैशानें शिक्षण झालें, किंवा शिकत असतां त्याचें अगर त्याच्या कुटुंबाचें पोषण घरानें केलें, केवळ एवढ्या कारणानें कमाई सामाईक मानतां येणार नाहीं, असें त्यांत स्पष्ट आहे. शिक्षण प्राथमिक असो वा धंद्याचें, सर्व एकच. पोषणाविषयींचें कलम वाचतांना नारदाचें वचन डोळ्यांपुढें ठेवावें; त्या वचनाचा तें शब्दशः उच्छेद करितें.

या कायद्याचें मूल्य ठरवितांना दोन माणसें ध्यानांत घेतलीं पाहिजेत. पहिला, नांगर धरणारा भाऊ. त्याचा शास्त्रोक्त वांटा गेला. दुसरी, शिकलेल्याची विधवा. मिताक्षरेप्रमाणें अविभक्त स्थितींत निपुत्रिक पुरुष वारला तर त्याचा हिस्सा राहिलेल्या भाऊबंदांकडे जाई आणि विधवेस अन्नवस्त्र उरे. तेंच धन स्वतंत्र असेल तर विधवेस वारसा मिळे. विद्याधन स्वतंत्र ठरल्यानें भावानें गमावलें तें पुष्कळ ठिकाणीं वहिनीस मिळालें. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यानें पत्नी व मुलें यांच्या नांवें उतरलेल्या विम्यास धनकोंपासून संरक्षण होतें. मद्रासेबाहेरील हिंदूंस तें निःसंशय लागू झालें १ एप्रिल १९२३ पासूनच्या विम्यांस. १९३७ सालीं डॉ. गोपाळराव देशमुखांच्या बिलानें विधवेस पुत्राइतका हिस्सा दिला, तो मर्यादित हक्काचा का असेना. १९२३, १९३० व १९३७ हे तीन कायदे एकत्र वाचल्यास कुटुंबाची थैली भावांकडून दंपतीकडे कशी सरकली हें स्वच्छ दिसतें. आमच्या मतें हा बदल एकंदरींत इष्ट झाला. पण नांगर धरणाऱ्या भावाची भरपाई कोणत्याच कायद्यानें केली नाहीं, हेंही तितकेंच खरें.

स्वतंत्र धनाची दुसरी बाजू मृत्युपत्राची व दानाची. डॉ. हरिसिंग गौर नागपूरचे नामांकित बॅरिस्टर, ‘हिंदु कोड’ या ग्रंथाचे कर्ते व नागपूर विद्यापीठाचे एक कुलगुरु होते. वकिलींत मिळविलेल्या धनांतून त्यांनीं १९४६ सालीं सागर येथें विद्यापीठ स्थापिलें. विद्येचें धन पुन्हा विद्येस देणें त्यांस साधलें, कारण तें धन त्यांचें एकट्याचें होतें.

(५) नंतरचा काळ

विद्याधन सुटें झालें तेव्हां म्हातारपणासही निराळी पेटी लागली. भविष्यनिर्वाह निधीचा पहिला कायदा १८९७ चा, दुसरा १९२५ चा. १९२२ च्या प्राप्तिकराच्या कायद्यानें सहाव्या हिश्श्याची सवलत चालू ठेविली. साताऱ्यास १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुल्यांची वेस्टर्न इंडिया कंपनी निघाली, आणि विमा मुंबईबाहेरील मराठी घरांत शिरला. १९५६ सालीं आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें तें चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतां. देशमुख १९१८ सालीं सनदी परीक्षेंत पहिले आले होते व मध्यप्रांतांत नोकरीस राहून नागपूरच्या सचिवालयांत त्यांनीं काम केलें होतें. प्रीव्ही कौन्सिलनें ज्या वर्गाची कमाई कुटुंबाची ठरविली, त्या वर्गांतील मनुष्याच्या हातून सर्व देशाच्या म्हातारपणाची पेटी सरकारच्या ताब्यांत आली.

सुटी झालेली कमाई आईबापांकडे पुन्हा वळविण्यासाठीं कायद्यास मागाहून धांवावें लागलें. १९७३ च्या फौजदारी संहितेनें निर्वाहखर्च मागणाऱ्यांत आईबापांस घेतलें. १८९८ च्या संहितेंत बायको व मुलें यांचाच समावेश होता. २००७ सालीं आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला. दरम्यान केंद्रांत १ जानेवारी २००४ पासून व महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरांचें जुनें पेन्शन बंद होऊन अंशदानाची पद्धत आली. म्हातारपणाचा भार पुन्हा ज्याच्या त्याच्या बचतीवर पडला.

फीविषयीं मुका असलेला कर मात्र पुढें बोलूं लागला. २००५ सालीं प्राप्तिकराच्या कायद्यांत घातलेल्या ‘८० सी’ या कलमांत विमा, भविष्यनिर्वाह निधि आणि दोन मुलांची शिकवणी फी हीं एकाच मर्यादेंत बसविलीं. ती मर्यादा एक लाखाची होती व २०१४ पासून दीड लाखाची झाली. म्हातारपण व शिक्षण एकाच रकान्यांत आले, आणि एकासाठीं अधिक दाखविलें तर दुसऱ्यास कमी जागा उरूं लागली. २०२० सालीं आणलेल्या नव्या करपद्धतींत ही वजाबाकीच नाहीं. दर कमी, सवलत नाहीं. १८८६ सालीं मान्य झालेलें तत्त्व त्या पद्धतीनें सोडून दिलें. ज्या गृहस्थानें करवजावटीच्या निमित्तानें तरी वार्षिक हप्ता भरला असता, त्यास आतां निमित्तावांचून भरावयास शिकलें पाहिजे.

(६) संग्राहकांस विनंती

वरील इतिहास कायद्यांवरून व शास्त्रग्रंथांवरून लिहिला आहे. कायदा काय झाला हें त्यावरून कळतें. घरांत काय झालें हें कळत नाहीं. १९३० नंतर शेतावरच्या भावास कोणी आपखुशीनें वांटा दिला कीं नाहीं, बापानें शिकणाऱ्या मुलाचा खर्च खतावणींत त्याच्या नांवें टाकला होता काय, विम्याचा हप्ता वह्यांत केव्हांपासून येऊं लागला, पांढरीची रक्कम फीच्या तुलनेनें किती होती, या प्रश्नांचीं उत्तरें रोजकीर्दींत व वाटणीपत्रांतच आहेत.

म्हणून विदर्भांतील व अन्य ठिकाणच्या संग्राहकांस आमची विनंती अशी. १९३० च्या आगेमागें झालेलीं वाटणीपत्रें प्रथम पाहावीं. शिक्षणखर्चाचा उल्लेख असलेलीं कलमें उतरून ठेवावीं. रोजकीर्द व खतावणी यांची जोडी फोडूं नये. एकीवांचून दुसरी अर्धी मुकी होते. फी, हप्ता, कर यांच्या पावत्या वहींत जेथें खोंचलेल्या असतील तेथेंच ठेवाव्या, कारण नोंद व पावती यांचा संबंध त्या जागेवरूनच लागतो. घराण्याची परवानगी घ्यावी, आणि अलीकडच्या काळच्या वह्यांतील खासगी नांवें प्रसिद्ध करूं नयेत. सनदेनें घराण्यास काय मिळालें तें समजतें; मिळालेलें त्यानें मुलांत, म्हातारपणांत व सरकारांत कसें वांटलें, हें वहीवांचून समजण्यास मार्ग नाहीं.